चालवून बघितली, ठीक

वसंता लोहाराच्या अंगातला शर्ट बघून नवखा माणूस हसायचाच. खिशाच्या खाली, बाहीवर, कधी कधी पाठीवरसुद्धा शिवणीच्या ओळी. फाटलेलं काही नसायचं. शिलाई मशीन दुरुस्त केली की गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी ती चालवून बघायची, हा त्याचा नेम. दुकानात चिंधी सापडली नाही तर अंगातला शर्ट काढायचा, सुईखाली सरकवायचा आणि दोन ओळी टीप मारायची. मग तोच शर्ट परत अंगात घालून गिऱ्हाइकाला सांगायचा, "चालवून बघितली. ठीक."

साताऱ्यात कारखान्यांकडं जाणाऱ्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं दुकान होतं. फवारणीचा पंप दुरुस्त केला की पाणी भरून पाठीला लावायचा आणि भर रस्त्यात फवारा मारत वीस पावलं जाऊन यायचा. रिक्षावाले शिव्या द्यायचे. एकदा एका मास्तरांनी सायकल दुरुस्तीला टाकली होती. चार वाजता घ्यायला आले तर सायकलही नाही आणि वसंताही नाही. पाच वाजता घामानं निथळत आला.

"आवं, माझी सायकल कुठं नेली हुती?"

"घाटाच्या पायथ्यापतूर. चढाला साखळी पडती का बघाय नको? चालवून बघितली. ठीक."

तेलावरून मात्र तो भांडायचा. कुणी मशीन तेलात बुडवून आणली की आधी त्या माणसाला धुवायचा. "तेल म्हंजी औषध हाय. औषधानं कुणी आंघोळ करतंय व्हय?" डाव्या खिशात पांढऱ्या फडक्याची घडी कायम. काम संपलं की एकेक बोट पुसायचा. डाव्या हाताची दोन बोटं मधल्या पेरापाशीच संपलेली होती. ती लवकर पुसून व्हायची.

त्या दोन बोटांसाठी मी हे लिहायला बसलोय.

मी त्याच्याच गावचा, त्याच्याच वयाचा. चौथीतून शाळा सोडली, पलटणीत भरती झालो, हवालदार होऊन घरी आलो. वाचायला-लिहायला फौजेनं शिकवलं. अक्षर वाकडं आहे, पण माझ्या हातचं आहे. कुणाला सांगून लिहून घेण्यासारखं हे नाही.

आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. त्यामुळं गावात माणसाची किंमत ठरते ती कुठं होता, काय करत होता यावरून. पायदळातला म्हणजे खरा. बाकीचे, म्हणजे गाड्या दुरुस्त करणारे, तारा ओढणारे, वायरलेसवाले, यांना आम्ही 'पानेवाले' म्हणायचो. वसंता फौजेत आर्मरर होता. बंदुका दुरुस्त करणारा. नशिबानं त्याची नेमणूक माझ्याच पलटणीला झाली होती. म्हणजे एका गावचे दोघं एका पलटणीत, पण मी शिपाई आणि तो पानेवाला.

खंडेनवमीला आमच्या भैरोबाच्या देवळात एक टेबल मांडतात. पांढरी चादर, वर जुन्या घरांतल्या दोन तलवारी, आणि जे रणात समोरासमोर उभे राहिले त्यांच्या टोप्या आणि पदकं. गुरव हळद-कुंकू वाहतो, गाव नमस्कार करतं. ही मांडणी माझ्याकडं. कारण माझ्या नावानं एका चकमकीतल्या शाबासकीचा कागद आहे, साहेबाच्या सहीचा. तो काचेच्या चौकटीत घालून मी दर वर्षी टेबलाच्या मधोमध ठेवायचो.

वसंता पेन्शनीवर आला त्या वर्षी नवमीला देवळात आला. फडक्यात गुंडाळलेला त्याचा फौजेतला पाना त्यानं टेबलाच्या कडेला ठेवला. अगदी कडेला, तलवारींना लागणार नाही असा.

मी तो उचलला. सगळ्यांसमोर.

"वसंता, ह्यो टेबल रणात गेलेल्यांचा हाय गड्या. ह्यो पाना तुझ्या दुकानात पूज."

चारजण हसले. वसंतानं माझ्याकडं बघितलं. "बरं," म्हणाला. पाना घेतला, फडक्यात गुंडाळला आणि मागं चपलांपाशी जाऊन उभा राहिला. त्यानंतर तो दर नवमीला यायचा, तिथंच उभा राहायचा, पेढा घ्यायचा आणि जायचा. पाना परत कधी आणला नाही. मीही आण म्हटलं नाही. ही अशी तीसेक वर्षं गेली.

बोटांची गंमत तर मीच सुरू केली. चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं, वसंतनानांची बोटं कशानं गेली? मी म्हणालो, "शेगडीपाशी बसून बोल्ट पिळताना गेली असतील. दुसरं काय हुणार वर्कशॉपात?" टपरीभर हसू. वसंता तिथंच बाकावर होता. तोही हसला. हात वर करून बघितला, जसा दुसऱ्याच कुणाचा असावा तसा, आणि चहा पिऊ लागला.

एकदाच एक तरणा मुलगा त्याला टोचून म्हणाला, "नाना, तुमी मागंच असायचा की. लढाई पुढं." त्यावर वसंतानं हातातलं काम ठेवलं. एवढं लांब बोलताना मी त्याला त्या एकाच वेळी ऐकलं.

"मागं म्हंजी कुठं रं? डॉक्टर दवाखान्यात बसतोय, रोग्याला त्याच्याकडं आणत्यात. पण बंदूक खाली आणली तर वरच्यांनी काय दगडं मारायची? मग दुरुस्तीवालाच वर जातोय. बंदूक बिघडती ती जिथं चालवायची असती तिथंच. आन् वर गेल्यावर समोरचा काय इचारून येतोय, तू शिपाई का पानेवाला? आमाला बी पहिली बंदूकच दिली हुती. पाना मागनं."

मी कोपऱ्यात बसलो होतो. मी वर बघितलं नाही.

त्याची बायको सुमनवैनी. बोलायला तिखट. एका नवमीला देवळाच्या पायरीवर त्यांनी मला गाठलं. "आवं भावजी, ह्यांची बोटं कुठं गेली ते ह्यांनी मला कवा सांगितलं न्हाई. तुमाला म्हाईत असंलच की. एकाच पलटणीत हुता."

"वर्कशॉपात गेली असतील वैनी," मी म्हणालो आणि चपला शोधू लागलो. माझ्या चपला माझ्या समोरच होत्या.

आता सांगतो.

बर्फातली चौकी. नाव लिहीत नाही. आम्ही नऊजण आणि एक एलएमजी, म्हणजे दोघांनी मिळून चालवायची मोठी बंदूक. नंबर एक ती चालवतो. नंबर दोन गोळ्या भरलेली मॅगझिनं देतो, आणि नंबर एक पडला तर त्यानं ती हातात घ्यायची. नंबर एकला नाईक हुद्द्याचा एक कोकणी होता. नंबर दोन मी.

थंडी सुरू होताना वसंता चौक्यांची फेरी करत वर आला. प्रत्येकाची बंदूक उघडून बघितली. माझ्यापाशी आला.

"मारुत्या, ह्ये जाड तेल पुसून काढ. हितल्या थंडीत त्ये मेणावानी गोठतंय. कोरडी ठेव."

"लोहारा, मला लोखंड शिकवू नगं. माझ्या बापानं गाडीच्या आसाला रोज तेल पाजलंय."

"ती गाडी साताऱ्यात पळत हुती."

सगळी चौकी हसली. नाईकसुद्धा हसला. ते हसणं मला झोंबलं. लोहाराचं पोर मला चारचौघांत शिकवतंय! तो खाली उतरला आणि मी तेलाचा डबा काढला. आधी घालायचो त्याच्या दुप्पट घातलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघितलं नाही. हे लिहिताना या वयातही माझे कान तापलेत.

आठवड्यानं नाईकानं बंदूक चालवून बघितली. एक गोळी गेली आणि पुढं काही नाही. वायरलेसवरून खाली निरोप गेला. बर्फानं वाट अर्धी बंद होती, बंदूक खाली पाठवावी तर चौकीवर दुसरी नाही. म्हणून आर्मररलाच वर पाठवला. पाठीला हत्यारांची पिशवी लावून वसंता अर्ध्या दिवसाचा चढ चढून आला. चहा घेतला नाही, आधी बंदूक उघडली. आत बोट घातलं आणि बाहेर काढलं. बोटावर पिवळं मेण. त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता बोलेल. त्यानं बोट फडक्याला पुसलं आणि कामाला लागला.

सकाळी धुकं होतं. चरात बसून तो शेवटचा भाग बसवत होता. "एकदा चालवून बघतो, मग खाली जातो," असं म्हणाला, आणि समोरून गोळीबार सुरू झाला. धुक्याच्या आडून ते जवळ आले होते. पहिल्याच स्फोटात नाईक पडला. माझ्या अंगावरच पडला.

वसंतानं बंदूक माझ्यापुढं केली. "घे!"

मी गोळ्यांची पेटी पोटाशी धरून चराच्या तळाला बसलो होतो. उठता येईना.

"मारुत्या, तुझी हाय ही! घे!"

त्याचं बरोबर होतं. नेमानं माझीच होती. मी उठलो नाही. माझे हात चांगले होते, पाय चांगले होते. मी उठलो नाही. आणखी काही लिहिलं तर ती सबब होईल.

मग तोच बंदुकीमागं आडवा झाला. "मॅगझिन तरी दे, रेड्या!" ती मी दिली. तेवढंच मी केलं. तो दोन-दोन, तीन-तीन गोळ्या मारायचा, थांबायचा, मान जरा वाकडी करायचा आणि बंदुकीचा आवाज ऐकायचा. पुढं शिलाई मशीनपाशी त्याची मान तशी वाकडी झालेली बघितली की मी दुकानातून उठून जायचो.

किती वेळ चाललं ठाऊक नाही. समोरचे फिरले. तेव्हा त्याला दिसलं की डाव्या हाताची दोन बोटं गेलीत. ओरडला नाही. खिशातलं फडकं हाताला गुंडाळलं आणि मला म्हणाला, "जरा हिच्यापाशी बस. हात बांधून येतो." आणि बंकरमध्ये गेला.

म्हणून मी बंदुकीमागं बसलो होतो. खालून मदत घेऊन साहेब वर आला तेव्हा त्यानं बघितलं ते हे. नाईक खाली पडलेला, रिकामी मॅगझिनं पसरलेली आणि बंदुकीमागं मी.

"एलएमजी पर कौन था?"

मी उभा राहिलो. "एलएमजी नंबर दो, साब."

"शाबास!"

मी खोटं बोललो नाही. मी फक्त माझा नंबर सांगितला. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. बंकरच्या तोंडाशी वसंता उभा होता. फडकं लाल झालेलं. त्यानं सगळं ऐकलं. नाईक खाली नेतानाच गेला. बाकीचे आपापल्या चरात धुक्यात होते. बघणारं तिसरं कुणी नव्हतं.

खाली जाण्याआधी वसंतानं उजव्या हातानं दुरुस्तीची चिठ्ठी भरली. इंग्रजीत होती, मला वाचता येईना. मला भीती. मी विचारलं, काय लिहिलं? त्यानं वाचून दाखवलं. बिघाडाचं कारण: थंडी. काम: साफ केली. चालवून बघितली. ठीक.

"थंडी?" मी म्हणालो.

"मग काय लिहू? तुझ्या बापाची गाडी?"

"आन् बाकीचं?"

"बाकीचं काय? माझं काम बंदूक चालती करायचं. झाली चालती."

त्याच्या दवाखान्याच्या कागदावर 'दुरुस्तीच्या कामात हाताला इजा' असं आलं. माझ्या कागदावर शाबासकी आली. तो कागद गावात आला तेव्हा वेशीपासून वाजंत्री लावून मला नेलं. मी गेलो. पुढं तर मी चकमक सांगायलाही शिकलो. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा. गावाला ती पाठ आहे. आणि जितकी ती चांगली जमत गेली तितका मला वसंताचा राग येत गेला. तो कधीतरी बोलेल म्हणून मी त्याला आधीच लहान करून ठेवत होतो, हे मला तेव्हाही कळत होतं. गावात एकजण होता ज्याच्यासमोर मी चकमक सांगत नव्हतो. तो चपलांपाशी उभा असायचा.

तो गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी वारला, सांगलीला, लेकीकडं. नवमीला मी ठरवून टेबल मांडलं. सुमनवैनीकडनं पाना मागून आणला. चौकट काढून ठेवली आणि तिच्या जागी मधोमध पाना ठेवला. माइक घेतला आणि सगळं सांगितलं. तेल, चर, पेटी, सगळं. आवाज चढवला नाही.

मग सरपंच उठले. "मंडळी, ह्याला म्हणत्यात मोठं मन! मारुतीआबांनी आपली शाबासकी मेलेल्या मित्राच्या पदरात टाकली!" सगळं देऊळ टाळ्या वाजवू लागलं. मी "न्हाई, आवं न्हाई, ऐका" म्हणत होतो. तेही त्यांना माझी नम्रता वाटली. एका पोरानं पाया पडून घेतलं. जी खोटी गोष्ट एवढी वर्षं चालली तिच्यावर सगळ्यांचा विश्वास, आणि खरी सांगितली तर कुणाचा नाही. ही करणी माझीच. मी ती खोटी गोष्ट त्या बंदुकीसारखी इतकी तेल घालून ठेवली होती की आता तिच्यातून खरं काही निघेना.

मागं चपलांपाशी सुमनवैनी उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढं आल्या, पाना उचलला, पदरानं त्याच्यावरची हळद पुसली. "भावजी," एवढंच म्हणाल्या, "ह्ये त्ये जिते असताना सांगायचं हुतं." आणि पाना घेऊन गेल्या. त्या एकट्यांना खरं वाटलं.

सांगायला मी गेलो होतो, हे त्यांना कसं सांगू? तो जायच्या दोनेक महिने आधी मी एसटीनं सांगलीला गेलो. विश्रामबागेत लेकीचं घर, दुसरा मजला. नुसतं जायला तोंड नव्हतं म्हणून निमित्ताला फवारणीचा पंप पाठीला लावून नेला. कंडक्टर म्हणाला, "आबा, सांगलीत फवारणार काय?"

वसंता वाळून गेला होता. पण पंप बघितल्यावर डोळे उजळले. गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं, पंप उघडला. मी पाठ केलेलं बोलायला लागलो.

"वसंता, औंदा नवमीला ये. तुझा पाना टेबलावर मांडू. मधोमध."

"आता कशाला? त्यो हितं कामाला हाय. लेकीचा कुकर, नळ, समदं त्याच्यावर. देवापुढं ठिवला तर नळ कोण आवळणार?"

"तसं न्हाई. मला बोलायचंय. त्या चौकीवर..."

त्यानं पंपाच्या नळीत बोट घातलं होतं, ते बाहेर काढलं. बोटावर चिकट, पिवळं तेल. निमित्त करायचं म्हणून पंप चोंदावा यासाठी मीच घातलं होतं. त्यानं बोट उन्हात धरलं आणि माझ्याकडं बघितलं. तसंच, पहिल्यांदा बघितलं होतं तसं.

"तेल लय घातलंयस रं. परत."

मी पंप धरून बसलो. त्यानं बोट फडक्याला पुसलं, नळी साफ केली, पाणी भरलं. पाठीला लावायची ताकद नव्हती म्हणून बसल्या बसल्या लेकीच्या तुळशीवर फवारा मारला. मान जरा वाकडी करून त्याचा आवाज ऐकला आणि ठरलेलंच बोलला.

"चालवून बघितली. ठीक."

मी पंप घेऊन खाली उतरलो. रस्त्यावर येऊन वर बघितलं. तो गॅलरीत कठड्याला टेकून उभा होता आणि फडक्यानं एकेक बोट पुसत होता. उजव्या हाताची पाच, डाव्या हाताची तीन, मग ती दोन. मी हात वर केला. त्यानं फडकं हलवलं आणि रस्त्यावरच्या गाड्यांच्या वरून ओरडला,

"मारुत्या! कोरडा ठेव!"

मी "व्हय" म्हणालो. ते त्याला वर ऐकू गेलं नसणार.